दोन इंचांचं छप्पर आणि एक पदवीधर

माझ्या मुलीच्या बालवर्गाचं छत सहा इंच जाड, सपाट आणि प्रमाणित आहे. त्याचे अधूनमधून पोपडे पडतात, म्हणून मुलं भिंतींना पाठ लावून बसतात आणि मधली जागा रिकामी सोडतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी या शिस्तीचं लेखी कौतुक केलं होतं. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते असं ठरल्यामुळे पालक समितीने मला चिटणीस केलं.

समितीने नव्या खोलीचं काम टरफल मास्तरांना दिलं. हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलेलं. मास्तर मूळचे पाट्या रंगवणारे. बांधकाम ते अंड्यांची कवचं हाताळून आणि स्वतःची चार छपरं पाडून शिकले. त्यांनी पालथ्या वाडग्यासारखं, दोन इंच जाडीचं काँक्रीटचं छप्पर ओतलं. आत एकही खांब नाही.

"ताई, ताकद जाडीत नसते, बाकात असते," ते म्हणाले. "कागद सपाट धरा, मान टाकतो. जरा वळवून धरा, ताठ राहतो."

मी घरी मुलीच्या चित्रकलेच्या कागदावर करून पाहिलं. राहिला ताठ. माझी काळजी वाढली. इतकं सोपं असतं तर कॉलेजात शिकवलं नसतं का?

टेकू काढताना मास्तर बायकोला घेऊन छपराखाली चहा पीत बसायचे, हा त्यांचा रिवाज. तसे ते बसले. शेवटचा टेकू निघाला. काकूंनी दुसरा कप भरला.

बांधकाम खात्याचे साहेब दारातूनच म्हणाले, "हे ग्राह्य धरता येणार नाही."

"का? उभं आहे की," मास्तरांनी विचारलं.

"ते मी नाकारत नाही. पण खाली बसलेल्यांचं शिक्षण?"

"माझं सातवी," मास्तर म्हणाले. "हिची एक यत्ता जास्त."

"चाचणीला पदवीधर लागतो."

साहेब स्वतः पदवीधर होते, पण त्यांना बाहेरून पाहण्याचे अधिकार होते, आत बसण्याचे नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एम. ए. आहे, इतिहासात. चालेल, म्हणाले.

"मला लहान मूल आहे हो," मी म्हणाले.

काकूंनी कप खाली ठेवला. "ताई, पण ते मूलच तर इथे बसणार ना?"

या प्रश्नासाठी अर्जात रकाना नव्हता. साहेबांनी शेरा मारला : 'पदवीधर बसण्यास तयार नाही, सबब छप्पर धोकादायक.' चिटणीस म्हणून खाली माझी सही. उपायही सुचवला : वरून आणखी चार इंच ओता, म्हणजे जाडी नियमात येईल.

"वजन तिप्पट होईल, साहेब. मग पडेल."

"पडेल, पण नियमात पडेल."

मास्तर तयार झाले नाहीत. पाडण्याचा हुकूम निघाला. मजुरांनी सहा दिवस घण घातले. दुपारी ते त्याच छपराखाली जेवून आडवे व्हायचे. सदर बांधकाम पडण्यास सहकार्य करीत नाही, अशी नोंद करून खात्याने भोवती दोर बांधला आणि 'धोका' अशी पाटी लावली. पाटी मास्तरांकडूनच रंगवून घेतली. त्या कामाची पात्रता त्यांच्याकडे होती.

मागच्या आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळी, साहेब जुन्या वर्गाचं प्रमाणपत्र नवं करायला आले. सही वाळायच्या आत छताचा मोठा तुकडा मधोमध कोसळला. कुणाला लागलं नाही, शिस्त होती. मी मुलीला उचललं आणि पळत सुटले. सगळ्याच आया पळाल्या, त्यांच्या पुढे साहेब. दम घेऊन पाहिलं तर आम्ही सगळे दोराच्या आत, पालथ्या वाडग्याखाली उभे होतो.

पाटीवर दुसरा हात मारायला आलेले मास्तर दोराबाहेर होते. "आता आत दोन पदवीधर आहेत," ते शांतपणे म्हणाले. "धरायची का चाचणी?"

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, आपण इथे आलोच नव्हतो." त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मुलं जुन्या वर्गात परतली. भिंतीला आणखी चिकटून कसं बसायचं ते मी मुलीला शिकवलं आहे. नवं प्रमाणपत्र दाराशी चौकटीत लावलंय. रोज ते वाचलं की मला बरं वाटतं. तुमच्या मुलांच्या शाळेतही असेल. तुम्ही वाचलंही असेल. वर कधी पाहिलंत?