पेट्रोलची चौकशी

मुलाची सगळी चौकशी झाली होती. राहिली होती ती फक्त पेट्रोलची.

मुलगा म्हणजे महूचे निवृत्त सुभेदार दौलतराव इंगळे यांचा ज्ञानदीप. इंजिनिअर, निर्व्यसनी, बडोद्याकडच्या रिफायनरीत कायम नोकरी. दगडूजी तायड्यांच्या धम्मदीनानं त्याला महूलाच एका लग्नात पाहिलं होतं आणि घरी येऊन “ठीक आहे” असं म्हटलं होतं. धम्मदीना इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका पंपसेट कारखान्यात टायपिस्ट होती आणि शब्द मोजूनमापून वापरायची. तिनं “ठीक आहे” म्हणणं म्हणजे दुसऱ्या मुलीनं गाणं म्हणण्यासारखं होतं.

रविवारी संध्याकाळी महूची मंडळी रीतसर बघायला यायची होती. चंपाबाईंनी पोह्यांची, शेवेची, जलेबीची तयारी केली, चादरी बदलल्या आणि शनिवारी सकाळी जरा टेकल्या, तर दगडूजी म्हणाले, “मुलगा चांगला आहे गं. पण रिफायनरी कशी आहे?”

“रिफायनरीला काय पाहायचं? तिला थोडीच मुलगी देऊन राहिलो आपण?”

“तुझ्या बाबांनी पण हेच केलं होतं.”

ते खरंच होतं. लग्नाच्या वेळी दगडूजी मिलमध्ये साळखात्यात साच्यांवर कापड विणत, पुढे जॉबर म्हणजे मुकादम झाले. सासऱ्यांनी जावयाची अगदी दातांपर्यंत चौकशी केली, मिलची केली नाही. “लोक कपडे घालायचे थोडेच सोडणार आहेत?” एवढं म्हणून त्यांनी मुलगी दिली. लोकांनी कपडे घालायचे सोडले नाहीत. मिल मात्र बंद पडली. बंद पडायच्या आठवडाभर आधी मॅनेजरनं गेटवर स्टुलावर उभं राहून सांगितलं होतं, “घबराने की कोई बात नहीं. मिलला तीस वर्षं धक्का नाही.” आता दगडूजी कापड मार्केटातल्या एका दुकानात गिऱ्हाइकांपुढे थान उलगडायचे. सुरतेचं कापड, भिलवाड्याचं कापड. मागणी अशी की हात दुखायचे. मागणी असली म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांची त्यामुळे त्यांना गंमत वाटायची.

शेजारी चिंतामणराव राहत. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे उत्तरं फार साठली होती.

“माटसाब,” दगडूजींनी विचारलं, “पेट्रोलचं पुढे कसं काय आहे?”

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. “जमिनीखालचं तेल तीस वर्षं पुरेल.”

“पक्कं?”

“एकदम. पण दगडूजी, सवाल तेलाचा नाहीच. सवाल रिफायनरीचा आहे. आता उदारीकरण आलं ना! जगात समुद्रकाठी अशा जंगी रिफायनऱ्या होऊन राहिल्या आहेत की आपल्या सगळ्या त्यांच्या अंगणात मावतील. मोठी आली की लहान बंद.”

“मतलब आमचे साचे भंगारात गेले, तसं?”

“बिल्कुल तसं.”

“आणि गाड्या विजेवर चालायला लागल्या तर?”

“विजेवर? इंदूरमध्ये?” चिंतामणराव मनापासून हसले. त्यांच्या डोक्यावरचा पंखा सकाळपासून बंद होता.

दगडूजी हिशेब करत घरी आले. मुलगा सव्वीसचा. रिटायर होणार अठ्ठावन्नला. म्हणजे बत्तीस वर्षं. तेल तीस वर्षं.

“दोन वर्षं कमी पडताहेत,” त्यांनी जाहीर केलं.

“तर दोन वर्षं बसेल घरी,” चंपाबाई म्हणाल्या. “तुम्ही नाही बसलात? मी काही बोलले का?”

त्या रोज बोलत असत, पण हा मुद्दा दगडूजींनी काढला नाही.

धम्मदीना साडीला इस्त्री करत होती. कारखान्यात दोन दिवसांपासून काहीतरी गडबड होती आणि तिला टायपिंगचं काम इतकं पडलं होतं की बोटं सुजली होती. ती म्हणाली, “बाबा, हे सगळं तुम्ही त्यांना विचारणार नाही ना?”

“त्यांना कशाला विचारू? मी बाहेर विचारतो ना!”

ऐकून धम्मदीनाला बरं वाटलं. ती तिची चूक झाली.

रविवारी सकाळी दगडूजी सायकलवर टांग टाकून चौकातल्या पेट्रोलपंपावर गेले. तिथं नंदू होता. तो पूर्वी साळखात्यात त्यांच्याच हाताखाली होता, आता पंपावर नळी धरायचा.

“काकाजी! तुम्ही इकडे कसे? स्कूटर घेतली का?”

“नाही रे. नंदू, मला खरं सांग. पेट्रोल टिकेल का?”

नंदूच्या हातातली नळी जागच्या जागी थांबली. लूनावर बसलेल्या गिऱ्हाइकानं मान वळवली. मागच्या स्कूटरवाल्यानं इंजिन बंद केलं.

“का, काय झालं?” नंदूनं आवाज खाली आणला.

“झालं काही नाही. मी आपलं विचारून राहिलो.”

आता दगडूजींकडे रिफायनरीवाले येणार आहेत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. चंपाबाईंनी शेव आणतानाच ते चार दुकानांत सांगून ठेवलं होतं. तेव्हा लूनावाल्यानं साधा विचार केला. या माणसाकडे गाडी नाही. पेट्रोलशी त्याचं काही देणंघेणं नाही. व्याही होणार रिफायनरीवाले. आणि तो रविवारी सकाळी पंपावर येऊन विचारतो की पेट्रोल टिकेल का.

“भिया,” लूनावाला नंदूला म्हणाला, “टाकी फुल कर.”

“अहो, तसं नाही!” दगडूजी घाईघाईनं म्हणाले. “काही घाबरायचं कारण नाही. तीस वर्षं काही होत नाही!”

एवढं बोलायला नको होतं. पंपावर जमलेल्यांत निम्मे जुने मिलवाले होते. हे वाक्य त्यांनी पूर्वी एकदा ऐकलं होतं. स्टुलावरून.

“तीस वर्षं म्हणाले का?” मागून कोणीतरी विचारलं.

“हाव. तीसच म्हणाले.”

“मग तर गेलंच समजा!” आणि तो माणूस कॅन आणायला घराकडे पळाला.

दहाच्या सुमारास रांग चौकाबाहेर गेली. लोक कॅन घेऊन आले, डबे घेऊन आले; एकानं दुधाची किटली आणली आणि आत थोडं दूध राहिलं होतं म्हणून तिथंच पिऊन टाकलं. दगडूजी रांगेच्या कडेनं सायकल ढकलत प्रत्येकाला सांगत होते की तसं काही नाही. ते जितकं सांगत, तितकी रांग वाढत होती. रांगेच्या शेवटी त्यांना चिंतामणराव भेटले. त्यांची जुनी स्कूटर होती, आणि मांडीवर दोन रिकामे कॅन.

“माटसाब, तुम्ही? तुम्हीच तर तीस वर्षं म्हणालात!”

“ते पुस्तकातलं,” चिंतामणराव कुजबुजले. “तुमच्याकडे आतली खबर आहे.”

“मला तुम्हीच सांगितलं काल!”

“हो, पण मला कुठं माहीत होतं की ते इतकं सीरियस आहे?”

दगडूजी हताश होऊन घरी आले. चंपाबाई दारातच रॉकेलचा डबा घेऊन उभ्या होत्या.

“अहो, ऐकलं का? पेट्रोल संपून राहिलंय. मग रॉकेलही जाईल. पळा!”

“कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणताहेत. रिफायनरीतून पक्की खबर आहे.”

“कुठल्या रिफायनरीतून?”

“कुठल्या म्हणजे...” चंपाबाई थांबल्या. “आपल्याच.”

आतून धम्मदीनाचा आवाज आला, “बाबा, तुम्ही सकाळी कुठं गेला होता?”

अफवेला पेट्रोल लागत नाही, त्यामुळे ती दुपारपर्यंत महूच्या वाटेवरच्या राऊला पोचली. चौकातल्या पंपावर नंदूनं ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लावली, आणि पाटी पाहून ज्यांना अजून शंका होती त्यांचीही खात्री पटली.

मंडळींच्या येण्याची वेळ टळून गेली. पोहे गार झाले, परत गरम झाले. मुलीचा बाप गल्लीच्या तोंडाशी उभा. ते आलेच नाहीत तर? ‘ठीक आहे’ म्हणणारी मुलगी पुन्हा कोणाला ठीक म्हणेल, याचा काही नेम नव्हता. आत ती तिसऱ्यांदा तीच साडी नेसत होती.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला एक वरात दिसली. साइडकारची स्कूटर. साइडकारमध्ये मुलाची आई, मांडीवर मिठाईचा खोका, चेहरा असा की खोका उघडावा की फेकावा हे ठरलेलं नव्हतं. मागून घामानं थबथबलेला ज्ञानदीप गाडी ढकलत होता. बाजूनं सुभेदार दौलतराव ताठ चालत “लेफ्ट, लेफ्ट” करत होते.

गल्लीतली सगळी दारं उघडली.

“अरे बाप रे!” कोणीतरी ओरडलं. “रिफायनरीवालेच गाडी ढकलत आले!”

मग ज्यांनी सकाळी एकच कॅन भरला होता, ते दुसरा कॅन घेऊन दुसऱ्या पंपाकडे धावत सुटले.

“जय भीम,” दगडूजी कसेबसे म्हणाले.

“जय भीम!” दौलतराव गरजले. “राऊचा पंप कोरडा. पुढचा कोरडा. राजेंद्रनगरपासून पोरगा ढकलून राहिलाय! तायडेसाहेब, मी लढाईत असं पाहिलं नाही. ही अफवा उठवणारा गाढव एकदा सापडू द्या मला!”

“आत या, पाणी घ्या,” गाढव म्हणाला.

पोहे आले. धम्मदीना ट्रे घेऊन आली. ज्ञानदीप एका दमात दोन ग्लास पाणी प्यायला आणि तिच्याकडे बघून ओशाळं हसला. “माफ करा. ही सगळी माझी चूक आहे.”

“तुमची?” दगडूजींना एकदम आशा वाटली.

“मी रिफायनरीत मागणीच्या विभागात आहे. कुठल्या भागात कधी किती माल लागेल, त्याचा अंदाज काढायचा. रविवारी इंदूरला मागणी कमी असते, टँकर सोमवारी सकाळी आले तरी चालेल, असं मीच लिहून दिलं होतं.” त्यानं मान खाली घातली. “इतका चुकीचा अंदाज माझ्या हातून कधी झाला नव्हता. उद्या साहेब विचारतील, इंदूरची मागणी अशी का भडकली? काय सांगू?”

“सांगा,” ट्रे खाली ठेवत धम्मदीना म्हणाली, “एका सायकलवाल्यानं चौकशी केली.”

चंपाबाईंनी पदर तोंडाला लावला. दगडूजी उठून उभे राहिले, जसे पूर्वी मॅनेजरपुढे राहत.

“सुभेदारसाहेब, तो गाढव मी. मिल बंद झाली तेव्हापासून भीती बसली आहे. मुलाची चौकशी सगळेच करतात. मी म्हटलं, आपण कारखान्याची करू. दोन वर्षं कमी पडत होती, बस.”

दौलतरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मिशांना पीळ दिला. मग त्यांनी घसा साफ केला आणि छताकडे बघत म्हणाले, “गुरुवारी मी पण पोलोग्राउंडला गेलो होतो.”

“कशाला?”

“मुलीच्या कारखान्याच्या चौकीदाराला विचारलं. हा कारखाना किती वर्षं चालेल म्हणून. आजकाल भरवसा नाही ना!”

“ते तुम्ही होता?” धम्मदीनाचा आवाज पहिल्यांदाच चढला. “गुरुवारपासून आमच्याकडे बोंब आहे की कोणी मिशावाला येऊन कारखाना बघून गेला, आता तो विकला जाणार! अर्ध्या स्टाफनं दुसऱ्या नोकरीचे अर्ज माझ्याकडून टाइप करून घेतले. हे बघा!” तिनं सुजलेली बोटं पुढे केली.

ज्ञानदीप ती बोटं जरा जास्तच वेळ बघत राहिला. आधी साइडकारमधून आलेल्या माउली हसायला लागल्या, मग चंपाबाई, आणि मग हसू आवरणं कोणाच्याच हातात राहिलं नाही.

हसणं ओसरल्यावर दगडूजी जरा पुढे सरकले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “बेटा, आता समोरच आहेस तर विचारतो. तुझं तर कामच हे. तीस वर्षांनी पेट्रोलला मागणी राहील का? तुझी रिफायनरी राहील का?”

ज्ञानदीपनं प्रामाणिकपणे विचार केला. “काका, तीस वर्षांचे तक्ते आमच्याकडे आहेत. मोठे साहेब काढतात, रंगीत असतात. दर वर्षी बदलतात. पण खरं सांगू? मला रविवारचंच सांगता आलं नाही.”

दगडूजी चंपाबाईंकडे वळून म्हणाले, “त्या मॅनेजरला सगळं पक्कं माहीत होतं. या पोराला काही माहीत नाही. द्यायला हरकत नाही.”

“मला विचारा ना कोणी,” धम्मदीना म्हणाली.

“विचारतो. कसा आहे?”

“चांगला आहे,” ती म्हणाली, आणि आत पळाली. घरात कोणी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. लग्न मे महिन्यात ठरलं. परतीला चिंतामणरावांनी आपल्या कॅनमधलं थोडं पेट्रोल मोठ्या जड मनानं सुभेदारांच्या स्कूटरमध्ये ओतलं.

सोमवारी सकाळी दगडूजी दुकानाला निघाले तेव्हा पंपावर टँकर येऊन गेला होता आणि चिटपाखरू नव्हतं. नंदू स्टुलावर एकटाच बसला होता.

“काकाजी, लग्न मे महिन्यात धरलं ना? खबर आली. लोक म्हणाले, तायडेकाका मेपर्यंत थांबताहेत म्हणजे तोवर तर पेट्रोल आहेच. सगळे घरी गेले.” त्यानं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. “आणि सगळ्यांच्या टाक्या फुल. आता हप्ताभर कोणी फिरकणार नाही. मला सांगा, काकाजी, मागणीच संपली तर माझ्या नोकरीचं काय?”

दगडूजींच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण रस्त्यावरून एक लूनावाला हळूहळू चालला होता आणि त्याचा कान इकडेच होता. दगडूजींनी सायकल स्टँडला लावली, दोन्ही चाकांत हवा भरून घेतली, आणि हवा किती वर्षं पुरेल हे कोणालाही न विचारता ते कापड मार्केटकडे निघून गेले.