डावीकडचा शब्द

आमचे शेजारी सुकाजीभाऊ वाक्य कधी एकट्यानं संपवत नाहीत. अर्ध्यात थांबतात, मान डावीकडे कलती करतात आणि वाट पाहतात. किराणा दुकानात "मले अर्धा किलो..." म्हणून थांबले, की दुकानदार बिचारा रवा, बेसन, साखर करत दुकानभर फिरून येतो. परवा एका लग्नात कोणीतरी त्यांच्या हाती माईक दिला. "नवरा-नवरीले माह्ये..." म्हणून जे अडकले, ते अख्ख्या मांडवानं "आशीर्वाद" म्हटल्यावरच खाली बसले.

ही खोड नाटकातली. आमच्या चामोर्शीकडं धान कापून झालं की गावोगावी नाटकं लागतात. भाऊ उमेदीत राजाचं काम करायचे आणि त्यांची बायको शेवंताबाई डावीकडच्या विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायची. भाऊंनी म्हणे जन्मात कधी पाठांतर केलं नाही. घरीही तेच. हे "आज भाजीले..." म्हणायचे आणि चुलीपासून आवाज यायचा, "वांगे." शेवंताबाई गेली आणि शब्द पुरवायचं काम गावावर पडलं.

नागपूरला दिलेल्या त्यांच्या मुलीला, मंदाला, यात गंमत वाटेना. ती मला फोनवर म्हणायची, "काकू, बाबांचं विसरणं वाढलंय. त्यात एकटे डोंगरावर जातात. मी त्यांना कायमचं इकडे आणते." नागपूरचं नाव काढलं की भाऊंना घास उतरत नाही.

डोंगराचं खरं होतं. आठवडी बाजाराला गाव रिकामं झालं की हे काठी घेऊन वरच्या जुन्या लेण्याकडं निघायचे. ते लेणं कोणी भिक्खूंचं म्हणतं, कोणी पांडवांचं. सोबत कुणी नको. "तुमी आले का मंग माह्यं..." आणि मी काही सुचवायच्या आत भाऊ वळणाआड.

यंदा त्या बाजूला अस्वल दिसलं. मंदाचा फोन आला, "एकदा बघा तरी काकू, परतीची वाट आठवते का त्यांना." मग काय, गेले मागोमाग, अंतर ठेवून. गुडघे मला शिव्या घालत होते.

आवाज ऐकला की अस्वल बाजूला होतं, म्हणून भाऊ चढताना मोठ्यानं नाटक म्हणत होते. राजाचं, प्रधानाचं, राणीचंसुद्धा. "प्रधानजी, राज्य गेलं तरी बेहत्तर, पण राणी गेली तर मी कोणाचा राजा?" एका दमात. दम लागला होता तो मला. सबंध चढावर त्यांचं एक अक्षर अडलं नाही. हेच का ते विसरभोळे, मला कळेना.

लेण्याशी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि आत मधोमध उभे राहिले. उन्हाळ्यात दोघं गारव्याला इथंच तालीम करायचे, हे मला शेवंताबाईनंच सांगितलं होतं. ती डावीकडच्या खांबाआड बसायची. भाऊंनी हात उचलला.

"प्रधानजी, राज्य गेलं तरी बेहत्तर, पण..."

थांबले. मान खांबाकडे कलली. बाहेर एक पाखरू ओरडलं आणि गप्प झालं, तरी भाऊ तसेच. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मग ते हसले, मान डोलावली आणि हळूच म्हणाले, "राणी."

बाहेर आले तर समोर मी. लपायला वेळच मिळाला नाही.

"भाऊ, तुम्हाला तर सगळं पाठ आहे की."

ते रागावले नाहीत. मागे खांबाकडे बघत कुजबुजले, "हळू बोला ना बाई. मले पाठ आहे हे तिले समजलं, तं थे कायले येईन?"

मी मान डोलावली आणि त्यांच्यामागून उतरू लागले.

संध्याकाळी मंदाचा फोन आला. "काही विसरत नाहीत गं ते," मी म्हटलं. "त्यांना इथंच राहू दे." कुंपणापलीकडं भाऊ ओसरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि हाक दिली, "बाई, तिले सांगा, मी इथी..."

मान डावीकडे कलली. पुढचा शब्द मला ठाऊक होता. मी तो दिला नाही. फोन तसाच धरून त्यांच्याबरोबर थांबले.