सारंगकाकांचं गाऱ्हाणं

सारंगकाका देवळात शिरताना चपला काढतात, हेल्मेट काढत नाहीत. पुजाऱ्याने एकदा हटकलं, तर म्हणाले, "देवाला नारळ द्यायचा असतो, डोकं नाय." तेव्हापासून अंगारा त्यांच्या हेल्मेटलाच लागतो.

काका मालवाहू बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. निवृत्त होऊन पावसजवळच्या आमच्या वाडीत परतले आणि सड्यावर सायकल दामटायला लागले. सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. तिथून गुरांच्या नि माणसांच्या पायवाटा करवंदीच्या जाळ्यांतून वेड्यावाकड्या खाली येतात आणि त्यांवरून आम्ही जाड टायरच्या सायकली खाली सोडतो. शहरातून येणारे हौशी वजन कमी व्हावं म्हणून सायकलचा स्टँडसुद्धा काढून ठेवतात. काकांच्या हँडलला मात्र बोटीवरची पितळी घंटा! नव्या माणसाला वाट दाखवताना "डावीकडं" हा शब्द त्यांच्या तोंडून येत नाही. "पोर्टला घे! मेल्या, पोर्टला!" असं ते ओरडतात, आणि नवखा पोर्ट शोधत थेट करवंदीत जातो.

स्वतः पडले की धूळ झटकत म्हणतात, "यापेक्षा दर्या बरा!" आमटीत मीठ जास्त झालं तरी हेच, लग्नात पंगत उशिरा बसली तरी हेच. काकू आतून ओरडतात, "मग जावा की परत! कुणी दोरानं बांधलंय?"

मग एका सकाळी सड्यावर तांबड्या रंगाचे बाण उगवले. महामार्ग येणार होता, आमच्या वाटा नांगरून. खालचा जुना रस्ता रुंद करायला जागा आहे, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण नकाशा काढणाऱ्याने सड्यावर पाय ठेवलाच नव्हता, पट्टी ठेवली होती. मी तडक पत्रक लिहिलं. सड्यात मुरणारं पाणी, त्यावर जगणाऱ्या विहिरी, गुरांची चराई, सायकलच्या वाटा, सगळं ठणकावून मांडलं. काका तांबड्या बाणांमागून सायकल घालून आले नि म्हणाले, "सरळ रेघ गो! अशा रस्त्यावर माणूस कशाला, मडकंपण घरंगळत जाईल." मग चष्मा लावून त्यांनी पत्रक वाचलं.

"झ्याक. पण यात घंटेचं काय नाय."

"घंटेचं काय लिहायचं?"

"ऱ्हांदे," म्हणाले आणि निघून गेले.

जनसुनावणीला शाळेचा हॉल गच्च भरला. साहेब तरुण होता, लांज्याकडचा. प्रत्येकाला थोडक्यात बोला म्हणून बजावत होता. मी पत्रक वाचलं. साहेबाने मान डोलवली, जशी झोपेत डोलते. मग काका उठले. हेल्मेटसकट हात जोडले, डोळे मिटले आणि देवाला घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणंच सुरू केलं.

"बा सड्यावरच्या राखणदारा महाराजा!"

गाऱ्हाणं सुरू झालं की कोकणी माणूस गप्प बसू शकत नाही. अख्खा हॉल गरजला, "व्हय महाराजा!"

"आज हा साहेब नकाशा घेऊन तुझ्या दारात आलाय!"

"व्हय महाराजा!"

"लेकरू आहे, चुकलं असेल!"

"व्हय महाराजा!"

"तर त्याला सुबुद्धी दे, आणि ती तांबडी रेघ सड्यावरून उचलून खालच्या रस्त्यावर ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माइकमधून आला. साहेब हात जोडून, डोळे मिटून उभा होता. डोळे उघडले तेव्हा कानापर्यंत लाल झाला. "ते... सवयीनं..." एवढंच त्याला बोलता आलं. पुढचं टाळ्याशिट्ट्यांत बुडालं. शेवटी, स्वतः सड्यावर चालून बघतो आणि मगच पुढचं ठरवतो, असं त्याला सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला काकांचं अभिनंदन करायला गेले. काकू चुलीपुढे बसल्या होत्या. गुडघे गेल्यापासून त्या सड्यावर चढत नाहीत.

"काका कुठायत?"

"वर. तरंगतायत."

"काकू, हायवे अजून टळलेला नाही हं."

त्या ढणढणणाऱ्या चुलीतलं एक लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "बोटीवर होते तेव्हा निघाल्याचं कळायचं गो, पोचायचं कळायचं नाय. आज येतील म्हणून दोघांचा भात टाकायची. सकाळी एकटीच शिळा खायची."

तेवढ्यात सड्याच्या कडेवरून घंटा वाजली. टण्ण. टण्ण.

"उतार लागला," काकू म्हणाल्या. "तिथनं रोज वाजवतात. वर ट्रक धावायला लागले तर मला कसं ऐकू येणार गो?"

घंटा पुन्हा वाजली, या वेळी जरा जवळून.

"व्हय महाराजा," काकू चुलीकडेच बघत पुटपुटल्या, आणि आधणात आणखी एका माणसाचे तांदूळ सोडले.