रिव्हर्स गिअरची अंगाई

लेकीला दुपारी झोपवण्याचा शंभर टक्के खात्रीचा उपाय मी शोधून काढला होता! तिला गाडीत मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बांधायचं आणि रिव्हर्स टाकायचा. बस्स! ‘ऊंऽऽऽ’ असा सूर लागला, गल्लीच्या टोकापर्यंत उलटं गेलं, की बाईसाहेबांच्या पापण्या मिटल्याच! पुढे जाताना मात्र टक्क जागी. शेजारच्या मास्तरांनी एकदा काचेवर टकटक करून काळजीने विचारलं, “पुढचे गिअर चोरीला गेले का हो?”

अडचण एकच. सोमवारपासून मला ऑफिसात रुजू व्हायचं होतं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, “दुपारी झोपत असेल तर सांभाळीन. नाहीतर पाळणाघर शोध बाई, माझ्यात आता तेवढं त्राण नाही.” गाडी सासरे चालवणार होते. पण त्यांची मान मागे वळत नाही!

“आरसे आहेत ना, बाबा?”

“मी आयुष्यात नेहमी पुढेच गेलोय,” ते म्हणाले. विषय संपला.

मग मी धाकट्या दिरांना गाठलं. ते शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा वास येतो आणि बोलण्यालाही.

“भाऊजी, रिव्हर्सच कसा काय गातो?”

“वहिनी, त्याचे दात सरळ कापलेले असतात. बाकीच्या गिअरचे तिरके. तिरके दात अलगद एकमेकांत शिरतात, म्हणून आवाज नाही. सरळ दात एकदम भिडतात, सासू-सुनेसारखे!”

“आईंना सांगू?”

“नको! पण सरळ दात दणकट हो. बाजूला रेटा देत नाहीत, ताकद वाया घालवत नाहीत. शर्यतीच्या गाडीत सगळे गिअर तसलेच टाकतात. तोटा एकच, कान किटतात.”

“मला तो तोटाच हवाय! आपल्या गाडीत बसवा!”

भाऊजी गहिवरले. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी त्यांच्याकडे गिअरबॉक्स मागितला नव्हता.

नवऱ्याला विचारलं, तर “तुला योग्य वाटेल ते,” म्हणाला. म्हणजे ऐकलंच नव्हतं.

रविवारी चाचणी. मी चालवायला, शेजारी सासरे, मागे लेकीजवळ सासूबाई. पहिला टाकला. ऊंऽऽऽ! दुसरा. ईंऽऽऽ! गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. मास्तर दारात येऊन हात जोडून उभे राहिले, विमान उतरतंय अशा समजुतीने.

“झोपली का?” मी ओरडले.

“काय?” सासूबाई ओरडल्या.

“झोपली काऽऽ?”

“टोपली कशाला गं? ही रडतेय इकडे!”

तिसरा टाकला. लेकीनेही तिसरा टाकला! गिअरबॉक्स हरला, लेक जिंकली. सासरे मात्र तल्लीन होऊन पायाने ताल धरत होते. “चौथा घे! चौथा घे!”

मी गाडी कडेला घेऊन बंद केली. सगळं संपलं होतं. उद्या पाळणाघर. डोळे भरून आले. मागे वळून म्हटलं, “काय झालं गं माझ्या चिमणीला?”

ती गप्प! माझ्याकडे बघत राहिली. एक हुंदका. एक जांभई. आणि मिटले की डोळे!

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं वेडाबाई! आवाजाला कुठली झोपते ही? रिव्हर्स घेताना तू मान वळवून हिच्याकडे तोंड करतेस! पुढे जाताना तिला दिसतो तो तुझा अंबाडा!”

भाऊजी गिअरबॉक्स काढून न्यायला आले, तर सासरे किल्लीच देईनात. अजूनही दिलेली नाही. हल्ली ते दूध आणायला चौथ्या गिअरमध्ये जातात, आणि दूध पुरेसं आलं की दही आणायला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधी घरी फोन लावला.

“आई, झोपली का हो?”

“केव्हाच! मी समोर बसले, तिच्याकडे बघत राहिले, झालं.”

“माझी आठवण काढून रडली असेल ना?”

“छे गं! एकदासुद्धा नाही. तू निवांत जेव.”

फोन ठेवला. काळजी मिटली, नोकरी टिकली, सगळं मनासारखं झालं. पण थोडंसं तरी रडायला काय हरकत होती हो तिला?