मानाचं ताट

मेजवानी संध्याकाळी होती आणि कास्तेनच्या राजदूतांना द्यायचं गिफ्ट दुपारपर्यंत पोहोचलंच नव्हतं. अमेयच्या तोंडचं पाणी पळालं.

अमेय वॉशिंग्टनमध्ये वाल्डोरा नावाच्या एका चिमुकल्या युरोपीय देशाच्या दूतावासात कामाला होता. शेजारच्या मिरोवाला प्रादेशिक संघात प्रवेश मिळावा म्हणून वाल्डोरा 'मार्गसाहाय्य' करत असे. म्हणजे चर्चासत्रं भरवायची आणि चर्चा करून दमलेल्यांना जेवू घालायचं. प्रवेश अडला होता तो कास्तेनमुळे. कास्तेन संघाचा जुना सभासद, आणि मिरोवाच्या सरहद्दीवरची एक टेकडी आपली आहे असं त्याचं म्हणणं. टेकडीवर शेळ्यांखेरीज कुणी राहत नव्हतं आणि शेळ्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

"आज ते खूश झाले नाहीत, तर तुमचं कंत्राट संपलं समजा," असं वाल्डोराच्या राजदूतबाईंनी अमेयला बजावलं होतं. कंत्राटावर व्हिसा होता आणि व्हिसावर सगळा संसार. त्यानं बायकोला फोन लावला.

"कादंबरी, गिफ्ट डिलिव्हरच झालं नाहीये यार! मेलो मी!"

"पॅनिक होऊ नकोस. आपलं कपाट काय रिकामं पडलंय?"

कपाट रिकामं असणं शक्यच नव्हतं. पार्सिपनीपासून नेपरव्हिलपर्यंतच्या अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या वास्तुशांती आणि डोहाळजेवणांतून आलेले अहेर त्यात पुढच्या प्रवासाची वाट पाहत होते. ज्यानं दिला त्याच्याच घरी अहेर परत जाऊ नये, म्हणून कादंबरी प्रत्येकावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. हा नियम तिनं लग्नानंतर एकदाही मोडला नव्हता.

"एक मोठं लाकडी ताट आहे, कोरीवकाम एकदम रिच. चिठ्ठीवर 'ऑफिस, ख्रिसमस' लिहिलंय. तुला लॉटरीत मिळालेलं."

"मग चालेल. आजचा पाहुणा आमच्या ऑफिसचा नाहीये. पटकन रॅप कर आणि ड्राइव्ह करत घेऊन ये!"

ख्रिसमसच्या लॉटरीत दूतावास आपल्याला नको झालेल्या भेटी नोकरांच्या गळ्यात मारतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अहेर फिरवण्याचा धर्म दूतावासही पाळत होता, फक्त चिठ्ठी न लावता.

जेवणाआधी कास्तेनच्या राजदूतांनी सगळ्यांसमोर वेष्टन फाडलं. ताटावर कास्तेनचा नकाशा कोरलेला होता आणि टेकडी ठळकपणे कास्तेनच्या हद्दीत होती.

"हे ताट मीच तुम्हाला दिलं होतं," ते राजदूतबाईंकडे वळून म्हणाले. अमेय हळूच दाराकडे सरकू लागला. पण राजदूतांचे डोळे भरून आले होते. "तेव्हा तुम्ही नुसतं थँक्यू म्हणालात. आज साऱ्या जगासमोर सन्मानानं परत केलंत. टेकडी आमची, हे वाल्डोरानं मान्य केलं! आता मिरोवाच्या प्रवेशाला आमची मुळीच हरकत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अमेय उड्या मारायच्या बेतात होता.

"मॅडम, जमलं!"

"काय जमलं?" राजदूतबाई दात-ओठ खात कुजबुजल्या. "मिरोवा आत गेला, तर साहाय्य कुणाला करायचं? आपला विभाग बंद, पैसा बंद, तुमचं कंत्राट बंद! आणि मला टाकतील कुठल्यातरी बर्फात!"

इतक्यात मिरोवाचे वृद्ध राजदूत ताडकन उभे राहिले. "आमची टेकडी विकून मिळणारा संघ आम्हाला नको! आमचा अर्ज मागे घेतला म्हणून समजा!" आणि ते गोड न खाताच निघून गेले. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

अमेयनं मान खाली घातली. राजदूतबाईंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू रंग चढत होता.

"म्हणजे आता आधी त्यांची समजूत घालायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग नवा अर्ज. मग नवी चर्चासत्रं. अभ्यासदौरे! टेकडीच्या प्रश्नावर एक वेगळी समिती!" त्यांनी अमेयचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "तुमच्यासारखी माणसं आम्हाला कायमची हवीत."

बाहेर कादंबरी गाडीत जीव मुठीत धरून बसली होती.

"काय झालं रे? कंत्राट?"

"रिन्यू. तेसुद्धा लाँग टर्म."

"वॉव! म्हणजे तो देश जॉइन झाला फायनली?"

"वेडी आहेस का?" अमेय सीटबेल्ट लावत म्हणाला. "तो जॉइन झाला असता, तर आपण पुण्याला परत गेलो असतो."