निळ्या पाटाचं गूढ

“जिल्ह्याले दोन डोये हायेत. तिसरा मी!”

धनराज स्वतःची ओळख अशी करून देत असे. कामरगावच्या स्टँडसमोर त्यानं स्वखर्चानं टांगलेल्या पाटीवर याचाच विस्तार होता : ‘धनराज, खाजगी गुप्तहेर. पाताळात गेलेलं शोधून मिळेल. सोमवारी बंद.’ खाली त्याचा हसरा फोटो. गुप्तहेरानं आपलं तोंड असं चौकात लावू नये, हे त्याला सांगायची हिंमत फक्त लखीरामला होती, आणि सांगून उपयोग नाही एवढी अक्कलही. लखीराम मूळचा जीपड्रायव्हर. एकदा जीप आठवडाभर गॅरेजात पडली, तेव्हा धनराजनं त्याला ‘असिस्टंट’ नेमलं. जीप दुरुस्त होऊन आली, पण लखीराम काही सुटला नाही.

त्या दिवशी सव्वाचारला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सुचिताचा फोन आला. “भाऊ, नेट गायब झालं. लवकर या!”

दुकानात इंझोरीची कस्तुराबाई आणि तिची लेक रेणू बसल्या होत्या. रेणूला नर्सिंगला जायचं होतं. मागचं वर्ष एका दाखल्यापायी हुकलं होतं, आणि यंदाचा फॉर्म पाच वाजता बंद होणार होता. लॅपटॉपवर नुसतं पांढरं चाक फिरत होतं आणि रेणू त्याच्याकडे डोळ्याची पापणीही न हलवता बघत होती. लखीरामला ते बघवलं नाही.

“फोनात नेट हाय, फोनातून वायफायनं लॅपटॉपले देल्लं हाय, निशाणी पुरी दिसून राह्यली,” सुचिता रडकुंडीला आली होती. “तरी पान उघडत नाई. फॉर्म फोनवर भरला असता, तर त्याच्यावर तो चालतच नाई!”

धनराजनं लॅपटॉपला कान लावला. मग नाक लावलं.

“पेला हाय कोन्तरी,” तो म्हणाला. “हवेतून चाललेलं नेट मधातच पेलं. बाजूले कोन बसते?”

बाजूला शालिकरामचं चहाचं दुकान. धनराजनं त्याची कॉलर धरली आणि फोन काढायला लावला. शालिकरामकडे बटणांचा फोन होता, त्यातलंही पाच नंबरचं बटण पडलेलं.

“हा नेट पेते?” शालिकराम म्हणाला. “याच्यातून पाच आकड्यावाल्याले फोन बी लागत नाई, बाप्पा!”

पहिला संशयित सुटला. चार पंचवीस.

“ट्रॅफिक कुठं जाऊन राह्यली, तेच समजत नाई,” सुचिता पुटपुटली. लॅपटॉपातून जी ये-जा होते तिला तसं म्हणतात. पण धनराजच्या हाती शब्द लागला म्हणजे आगपेटी लागल्यासारखंच. तो ताडकन उठला. “लखीराम! रस्ता बंद कर!”

पुढची दहा मिनिटं लखीराम कामरगावच्या रस्त्यावर दोन्ही हात पसरून उभा होता. त्यानं तीन जीपा, एक एसटी आणि एक म्हैस अडवली. जीपवाले सगळे त्याच्या ओळखीचे, त्यामुळे शिव्या नावानिशी पडल्या. म्हैस तेवढी काही बोलली नाही. धनराजनं प्रत्येक गाडीच्या टपावर चढून नेट शोधलं. मेथीच्या जुड्या सापडल्या.

दोघं परत आले तेव्हा चार चाळीस झाले होते. रेणूनं ओढणीचं टोक पार पिळून टाकलं होतं.

“गुन्हेगार अट्टल हाय,” धनराजनं घाम पुसला. “सुचिता, आता मनाची तयारी कर. लॅपटॉपले कोनं करणी केली असन.”

कस्तुराबाई आता पुढं सरकली. दोन एकरात वांगी, मेथी पिकवणारी बाई. तिला गुप्तहेराचा अनुभव नव्हता, पाण्याचा होता. “काल हे चालत होतं काय?” तिनं विचारलं.

“चांगलं चालत होतं,” सुचिता म्हणाली.

“मंग आज नवं काय केलं?”

“काईच नाई.”

कस्तुराबाईनं बोट दाखवलं. “हा निया पाट कुठं जाते?”

सगळ्यांनी पाहिलं. लॅपटॉपातून एक निळी वायर निघून भिंतीवरच्या डब्यात गेली होती. डब्याच्या वर एक कॅमेरा होता.

“तो माहा!” धनराज अभिमानानं म्हणाला. “दुकानातले पेन चोरी जातात, म्हणून आज दुपारी बसवला. फुकट!”

“डब्याच्या पुढं कुठं जाते?”

“पुढं कायले जाईन? डब्यातच संपते.”

कस्तुराबाईनं कपाळावर हात मारला. “अरे बापू, नवा पाट जुन्यापेक्षा खोल खांदला, तं सारं पानी त्याच्यातच पयते. पुढं वाफा हाय का दगड, पानी पुसत नाई. तुमचं नेट दुपारपासून त्या डब्यात मुरून राह्यलं!”

सुचितानं जीभ चावली. वायर दिसली की लॅपटॉप आधी वायरीनंच जातो, वायफाय शेजारी मोकळं असलं तरी, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं वायरीला हात घातला.

“उपटू नको!” धनराज आडवा झाला. “पेनचोर सुटन ना!”

“मंग उपटू नको,” कस्तुराबाई म्हणाली. “तोंडाशी ढेकूळ ठेव. डब्यापुरतं डब्याले जाऊ दे, बाकीचं इकडं वयव.”

सुचिता भराभर सेटिंग उघडत गेली. “हे पाह्य! इथं मेट्रिक मांगते.”

धनराजचा चेहरा उतरला. “मॅट्रिक? ते कायले पायजे? तीन डाव बसलो मी...”

“तुमची नाई भाऊ, वायरीची! ज्याचा आकडा कमी, त्याचा मान पयला.”

“कमी आकड्याले पयला मान?” धनराजच्या डोळ्यांत पाणी तरारलं. गणितात त्याला सत्तावीस होते. “लखीराम, आयकलं? आपल्या बोर्डाले हे समजलं नाई!”

सुचितानं वायरीचा आकडा भरपूर वाढवला. पांढरं चाक थांबलं आणि फॉर्म उघडला. चार एकोणपन्नास. रेणूनं भराभर सगळं भरलं, एक अक्षर चुकलं नाही. चार सत्तावन्नला फॉर्म गेला, आणि लखीरामनं कुणी न सांगता टाळ्या वाजवल्या. कस्तुराबाईनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाकी, कॅमेरा ज्याचा होता, त्यानंच नेट पेलं म्हना ना,” दारातून शालिकराम म्हणाला. कॉलरची इस्त्री मोडल्याचा राग अजून गेला नव्हता.

छापून निघालेल्या पावतीवर रेणूची सही हवी होती. सुचितानं टेबलावर पाहिलं. पेनाला बांधलेली दोरी होती, अर्ध्यात तुटलेली. पेन नव्हता.

“काही चिंता नाई!” झाकली मूठ उघडायची संधी धनराज कशाला सोडतो? त्यानं ऐटीत खिशातून पेन काढला आणि रेणूपुढे धरला. पेनामागून वीतभर दोरी लोंबत बाहेर आली.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र चालूच होतं. धनराज, पेन आणि दोरी, तिन्ही स्पष्ट दिसत होते.

“बापू,” कस्तुराबाई म्हणाली, “तुमचा कॅमेरा लय चांगला हाय.”

धनराज खाकरला. मग त्यानं डायरी उघडली. ‘केस सुटली, चोर सापडला’ एवढं तरी लिहायला हवं होतं. त्यानं खिसा चाचपला आणि तो लखीरामकडे वळला.

“पेन हाय काय रे?”