गॅलरीतली गोड मोसंबी

झाड लावायचं ठरवलं हेडक्लार्कांनी, आणि तेही पैजेवर. गॅलरीचा मोकळा कोपरा एकच. बायकोला तिथे कपड्यांचा स्टँड हवा, यांना झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचा.

"गोड फळ काढून दाखवा, कोपरा तुमचा," बायको म्हणाली. "आंबट निघालं तर कुंडी बाहेर, स्टँड आत."

"मंजूर!" (ऑफिसात हा शब्द म्हणायची पाळी कधी आली नव्हती, म्हणून घरात जरा जोरातच निघाला.)

मग जात निवडायची धामधूम. संत्री, मोसंबी, पपनस. टेबलावर नुसता बाजार. मुक्कामाला आलेल्या सासूबाई प्रत्येक फोडीला "बरी आहे" म्हणत पुढच्या फोडीला हात घालत. सालींचा ढीग झाला तेव्हा कुठे मोसंबी निवडून आली.

रोपवाल्यानं कलम देताना बजावलं, "साहेब, हा जोड बघा. वरची मोसंबी. खालचा खुंट रानटी, आंबट जातीचा, नुसता आधाराला. खालून फुटेल ते खुडायचं."

"हो हो," हेडक्लार्क म्हणाले. लक्ष सगळं रोप रिक्षात उभं मावेल की आडवं, याच्यात. डोक्यात राहिलं एवढंच, की दोन फुटवे फुटले तर एक खुडायचा.

आणि फुटले की दोन! वरचा मरतुकडा, दोन पानांवर अडलेला. खालचा हिरवागार, सरसर चढणारा.

"बघ, बघ! वरचा नुसता वरच्या जागेवर बसून खातोय. आमच्या साहेबांसारखा! काम करतो तो खालचाच!" असं म्हणून हेडक्लार्कांनी नोकरीभराचा राग कात्रीत आणला आणि वरचा फुटवा छाटला.

झाड असं माजलं म्हणता! हातभर काटे. यांचे दोन शर्ट फाटले, तरी तोंडावर हसू मावेना. कळ्या आल्या तेव्हा अख्ख्या जिन्यातल्या शेजाऱ्यांना वर बोलावून दाखवल्या. शेवटी फळ पिकलं. पंच म्हणून सासूबाईंना मुद्दाम आणवलं.

त्यांनी फोड तोंडात टाकली. एक डोळा मिटला. मग दुसरा.

"जावईबापू, दात आंबले हो!"

"आई, तुझी तर कवळी आहे."

"तीच आंबली!"

बायकोनं वाकून बुंधा पाहिला. जोडावर नुसतं खुरटं थोटूक. "अहो, मोसंबी तर तुम्हीच कापलीत! हा खुंट वाढवलात होय इतके दिवस?"

हेडक्लार्क मान खाली घालून कुंडी उचलायला गेले.

"थांबा." बायकोनं उरलेली फोड पितळी पातेल्याच्या काळपट बुडावर घासली. बूड आरशासारखं लखलखलं. तिनं ते उजेडात फिरवून पाहिलं. "झाड राहू द्या. कोपराही तुमचा."

हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. धावत जाऊन त्यांनी खुर्ची आणली.

"खुर्ची कशाला? पाटच घ्या," बायको म्हणाली. "बाकीची भांडी आणतेच."